साडेत्रेसष्ट अंशांचं आकाश

गोवंडीच्या नटवर पारेख कंपाउंडात खालच्या मजल्यांवरच्या कित्येक घरांत भर दुपारी ट्यूबलाइट लावावी लागते. समोरची इमारत काही ठिकाणी जेमतेम ३ मीटरवर आहे. हात लांब केला तर पलीकडच्या खिडकीतला टॉवेल ओढता येईल असं वाटतं. रस्ते आणि रेल्वेच्या कामांत ज्यांची घरं गेली, त्यांना इथे आणि शेजारच्या लल्लूभाई कंपाउंडात आणून बसवलं. 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईचे संशोधक यांनी या वसाहतींत घरोघरी जाऊन पाहणी केली. २०१८ च्या सुमारास तिचे निष्कर्ष बाहेर आले. या दोन वसाहतींत साधारण दहा माणसांमागे एकाला क्षयाची बाधा होती. त्याच भागातल्या पीएमजी कॉलनीत, जिथे इमारतींमध्ये अंतर जास्त आहे, तिथे शंभरात एकाला. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि वारा पोचत नाही, तिथे आजार जास्त.

बातम्यांमध्ये हे नवं संशोधन म्हणून आलं. पण घरासमोर किती आकाश दिसायला हवं याचा हिशोब मुंबईने शंभर वर्षांपूर्वीच मांडला होता, तोही अंशांत. गंमत अशी की तो हिशोब ज्या रोगाच्या धसक्याने मांडला गेला, त्या रोगाचा उजेडाशी फारसा संबंध नव्हता.

तो रोग म्हणजे प्लेग. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात ताप आणि जांघेत गाठी असलेले रोगी दिसू लागले. मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा गाठीचा प्लेग आहे असं स्पष्ट सांगितलं. मांडवी हा बंदराला लागून असलेला धान्यबाजार: खाली गोदामं, वर कोंदट खोल्या, त्यांवर कौलं. काळ्या उंदरासाठी याहून सोयीची जागा बांधून मिळाली नसती. पण उंदराकडे तेव्हा कुणाचं लक्ष नव्हतं. हाँगकाँगमध्ये १८९४ सालीच येर्सिन यांना प्लेगचा जंतू सापडला होता, तरी तो माणसापर्यंत पोचतो कसा हे कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून जुनी समजूतच कामाला आली: घाण, ओल, अंधार, कोंडलेली हवा यांतून रोग उपजतो. गटारं कार्बोलिक अ‍ॅसिडने धुतली गेली, भिंतींना चुना फासला, ऊन आत यावं म्हणून कौलं उतरवली. राहायला नालायक ठरलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' अशी इंग्रजी अक्षरं रंगवली गेली. लोक घाबरून कोकणात, घाटावर, जमेल तिकडे पळाले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची वस्ती ८,२१,७६४ होती, ती १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. आजवर सतत फुगतच आलेल्या या शहराच्या इतिहासात असं क्वचितच घडलं आहे.

पुण्यात काय झालं ते शाळेच्या पुस्तकात आहे. फेब्रुवारी १८९७ चा साथरोग कायदा, रँडच्या हाताखाली सोजिरांनी घेतलेल्या घरझडत्या, २२ जूनच्या रात्री चापेकरांनी झाडलेल्या गोळ्या. त्याच वर्षी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगानेच गेल्या. मुलगा यशवंत याने शहराबाहेर मोकळ्या माळावर काढलेल्या दवाखान्यात त्या रोग्यांची सेवा करत होत्या. खेड्यांतल्या लोकांनी मात्र सरकारी शास्त्राची वाट पाहिली नाही. घरात उंदीर पडायला लागले की बिऱ्हाड उचलायचं आणि रानात झोपड्या घालून राहायचं, हे त्यांना अनुभवाने कळलं होतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात 'प्लेगातल्या झोपड्या' हा काळ मोजायचा एक खुंटा होता. निरीक्षण म्हणून पाहिलं तर ते त्या वेळच्या सरकारी प्लेग कमिशनच्या अहवालापेक्षा अचूक होतं.

कारण शास्त्राला उंदरापर्यंत पोचायला आणखी काही वर्षं लागली. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत मेलेल्या उंदराच्या पिसवांवर बोट ठेवलं, पण त्याचं कुणी मनावर घेतलं नाही. उत्तर शेवटी मुंबईतच मिळालं. हाफकिन यांनी १० जानेवारी १८९७ ला प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, आणि १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणतो. १९०५ पासून तिथे प्लेग संशोधनाचं जे काम चाललं, त्याबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं. संशोधकांनी आवारात छोट्या खोल्या बांधल्या, वेगवेगळ्या छपरांच्या, मुंबईतल्या घरांसारख्या. वर छपरात उंदीर, खाली जमिनीवर गिनिपिग. मग काही गिनिपिगांचे पिंजरे जमिनीपासून दोन इंचांवर टांगले, काही दोन फुटांवर. खालच्यांना प्लेग झाला, वरच्यांना नाही; कारण उंदराची पिसू चार-पाच इंचांच्या वर उडी मारू शकत नाही. पिसवा नसतील तर रोगट जनावराच्या मलमूत्रात राहूनही दुसऱ्याला लागण होत नव्हती. म्हणजे दुर्गंधी आणि कोंदट हवा या आरोपातून सुटल्या. दोषी ठरली ती घराची रचना, उंदराला आसरा देणारी. परिसराचा आजाराशी संबंध आहे, हे आधीही खरं होतं. पण 'परिसर' म्हणजे नेमकं काय, हे इंचांत मोजलं गेलं ते इथे.

तोवर जुन्या समजुतीवर एक मोठी सरकारी यंत्रणा उभी राहून चुकली होती. १८९८ च्या कायद्याने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्राचा वारा शहरात शिरावा म्हणून त्याने दाट वस्त्या कापून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड काढले. पुढे दादर, माटुंगा, शीव इकडे नव्या वसाहती आखल्या. ट्रस्टचा पहिल्या दशकातला हिशोब वाईट आहे. पाडलेल्या खोल्या पुष्कळ, गरिबांसाठी बांधलेल्या थोड्या, आणि बेघर झालेले लोक शेजारच्या गल्लीत आणखी दाटीवाटीने राहायला गेले. पण याच ट्रस्टचे एक अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी ज्या नियमाचा ध्यास घेतला, तो साडेत्रेसष्ट अंशांचा. खिडकी असलेल्या भिंतीच्या पायापासून समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रेघ ओढली, तर तिचा जमिनीशी कोन साडेत्रेसष्ट अंशांपेक्षा जास्त असू नये. भूमिती सोडून सांगायचं तर समोरची इमारत मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीपेक्षा उंच नको. प्लेगच्या पिसवेला या रेघेशी काही देणंघेणं नव्हतं. क्षयाच्या जंतूला मात्र होतं. तो हवेत तरंगत राहतो, खेळत्या वाऱ्याने विरळ होतो आणि उन्हात फार टिकत नाही. चुकीच्या रोगावर लिहिलेली चिठ्ठी बरोबर रोगाला लागू पडली होती.

गिरणीकामगारांच्या मुंबईला हा नियम क्वचितच लाभला. १९२१ च्या महापालिकेच्या आरोग्य अहवालातले आकडे पुढे वारंवार सांगितले गेले: एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत नोंदवलेल्या १,००० जन्मांमागे ८२८ बालमृत्यू, चार किंवा जास्त खोल्यांच्या घरांत १३३. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पान उलटवत नव्हतं. पण त्यात एक गोम आहे. कोकणातल्या बायका बाळंतपणाला गावी जात. मूल तिकडे जन्मायचं, त्याची नोंद इथे नाही, आणि परत आल्यावर दगावलं तर मृत्यू मात्र मुंबईच्या खात्यात. छेद लहान झाला की दर फुगतो. आकडा जसाच्या तसा घेता येणार नाही, तरी खोल्यांच्या संख्येबरोबर त्याची पायरी जी उतरत जाते, तिचं काय करायचं? त्याच सुमारास सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोडला २०७ बीडीडी चाळी बांधल्या. मजबूत काँक्रीट, आणि एका खोलीत एक आख्खं कुटुंब.

ऐपत असलेल्याला क्षय झाला तर तो हवापालटाला जाई. पाचगणीला डॉ. बिलिमोरियांचं बेल एअर सॅनेटोरियम १९१२ पासून होतं, मिरजेजवळ वानलेसवाडी होती. चाळीतल्याला शिवडीचं क्षय रुग्णालय.

मग औषधं आली, आणि घराचा प्रश्न बाजूला पडला. १९५६ मध्ये मद्रासला एक चाचणी सुरू झाली. क्षयाच्या गरीब रोग्यांचे दोन गट केले. एकाला वर्षभर सॅनेटोरियममध्ये चांगलं अन्न आणि विश्रांती, दुसऱ्याला घरीच, त्याच दाटीत, त्याच गोळ्या. १९५९ मध्ये निकाल लागला: दोन्ही गट जवळजवळ सारखेच बरे झाले. घरी राहिलेल्यांच्या नातेवाइकांनाही जास्त लागण झाली नाही. जगभरातली सॅनेटोरियमं त्यानंतर हळूहळू ओस पडली. निष्कर्ष चोख होता, तो लाखो गरिबांच्या फायद्याचाही ठरला. फक्त त्यातून नियोजनाच्या कचेऱ्यांनी एक वेगळाच अर्थ काढला, की गोळ्या आहेत तर खिडकीची एवढी काळजी कशाला. चाचणीने रोगी घरी बरा होतो एवढंच दाखवलं होतं. घर कसंही चालतं, असं तिने कुठे म्हटलं नव्हतं.

मधल्या काळात खिडकीच्या बाजूनेही पुरावा जमतच होता. बाल्टिमोरच्या एका रुग्णालयात १९५० च्या दशकात रिचर्ड रायली यांनी क्षयाच्या वॉर्डातली हवा नळीने वरच्या मजल्यावरच्या गिनिपिगांकडे सोडली, आणि नुसत्या हवेने त्यांना क्षय झाला. (परळपासून बाल्टिमोरपर्यंत, या सगळ्या कथेत बिचाऱ्या गिनिपिगाला सुटका नाही.) २००७ मध्ये पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांच्या अभ्यासात दिसलं, की उंच छताचे आणि मोठ्या खिडक्यांचे जुने वॉर्ड नव्या वॉर्डांपेक्षा जास्त सुरक्षित होते.

मुंबईत याच काळात उलटं चाललं होतं. डिसेंबर १९९५ मध्ये झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण आलं. योजना बिल्डरला परवडावी म्हणून पुनर्वसनाच्या इमारतींना मोकळ्या जागेच्या नियमांत सवलत मिळाली आणि हेक्टरी किमान ५०० घरं बसवायची अट आली, जी पुढे आणखी वाढली. दाटीला मर्यादा घालणारे नियम पूर्वी असायचे. इथे दाटीची किमान पातळी ठरवून दिली होती. सात मजली इमारत २१ मीटर उंच धरली, तर ऑर यांच्या रेघेप्रमाणे समोर साडेदहा मीटर मोकळी जागा लागेल. तीन मीटरवर तो कोन ८२ अंशांच्या आसपास जातो. तळमजल्यावरच्या खिडकीतून मान पूर्ण मागे टाकली तर आकाशाची एक चिंधी दिसते.

त्यातच २०११ च्या अखेरीस मुंबईतल्या हिंदुजा रुग्णालयाच्या डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी, हाताशी असलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाचे रोगी नोंदवले. मद्रासच्या चाचणीचा सगळा भार ज्या गोळ्यांवर होता, त्याच निकामी ठरू लागल्या. गोवंडीची पाहणी त्यानंतर काही वर्षांनी झाली. पाहणी करणाऱ्यांनी घरोघरी खोकला, ताप, औषधं यांची विचारपूस केली. आणि त्याबरोबर प्रत्येक मजल्यावर किती ऊन पोचतं, किती वारा खेळतो, याचाही हिशोब मांडला.