पत्र्याच्या आत काय बदललं?

सेडान घ्यायला शोरूममध्ये गेलेला आपल्याकडचा माणूस दोन गोष्टी हमखास करतो. डिकी उघडून आत वाकून बघतो आणि दारावर बोटांच्या पेरांनी टकटक करून पत्रा किती जाड आहे याचा अंदाज घेतो. डिकी बघणं अगदी योग्य. टकटकीतून मात्र जवळजवळ काहीच कळत नाही. बाहेरचा पत्रा कुठल्याही गाडीत साधारण पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याचं काम मुख्यतः आकार देण्याचं असतं. जीव वाचवणारं पोलाद त्याच्या आत दडलेलं असतं. गाडीची नवी पिढी कधी आणावी हा प्रश्न माझ्या मते त्या आतल्या पोलादापाशी सुटतो, पण आधी डिकीचं बघू.

मार्च 2008 मध्ये आलेल्या मारुतीच्या पहिल्या स्विफ्ट डिझायरची लांबी 4160 मिलिमीटर होती आणि डिकी 440 लिटरची. चारच वर्षांनी, 2012 साली, दुसरी पिढी आली. लांबी 3995 मिलिमीटर, डिकी 316 लिटर. म्हणजे 124 लिटर जागा गेली. एक मोठी ट्रॉली बॅग आणि वर हातातली एखादी पिशवी, एवढं सामान आता मांडीवर घ्यायचं.

ही काटछाट अभियंत्यांच्या हौसेपायी झाली नव्हती. 2006 च्या अर्थसंकल्पात लहान गाड्यांवरचं उत्पादनशुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आलं. लहान म्हणजे लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200 सीसी, डिझेल असेल तर 1500 सीसीपर्यंत. ही पट्टी लावून बेतलेली पहिली सेडान म्हणजे जानेवारी 2008 मधली टाटांची इंडिगो सीएस, आपल्या पुण्याची गाडी. तिच्यामागून बाकीचे आले. ती पट्टी आजही तशीच आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून या लहान गाड्यांवर 18 टक्के जीएसटी आहे आणि तिच्याबाहेर गेलं की 40. त्यामुळे जगात इतर ठिकाणी गाडी पिढीगणिक लांब होत जाते, आणि आपल्याकडची ही सेडान चार मीटरला पाच मिलिमीटर कमी एवढ्यावर खिळलेली राहते.

मग तुलना करताना बघायचं काय? तेवढ्याच लांबीत कोणी काय काय बसवलं ते. 2013 च्या पहिल्या होंडा अमेझची लांबी 3990 मिलिमीटर होती आणि डिकी 400 लिटरची. डिझायर 2017 च्या तिसऱ्या पिढीत 378 लिटरवर आली, 2024 च्या चौथीत 382 वर. कापलेली डिकी मोठी करायला डिझायरला एक अख्खी पिढी लागली. कराच्या धाकाने घाईत बदललेली गाडी आणि सुरुवातीपासून त्या मापाला बेतलेली गाडी यांतला हा फरक आहे. घरात आधी भिंती आणि मग कपाट, असं केलं की कपाट कधीच नीट बसत नाही.

आता पत्र्याच्या आत जाऊ. समजा 1000 किलोची गाडी ताशी 64 किलोमीटर वेगाने भिंतीवर आदळली. ती पाचव्या मजल्यावरून खाली सोडण्याइतकीच ही टक्कर असते. गतिज ऊर्जा साधारण 158 किलोज्यूल. ही ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. ती जिरते बोनेटखालच्या भागात, तो भाग चुरगळताना. नाक 60 सेंटीमीटर दबलं तर आतल्या माणसाला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी 27 पट झटका बसतो. 50 सेंटीमीटरच दबलं तर 32 पट. साठ किलोच्या माणसाच्या छातीवर आणि कमरेवर पट्ट्यातून दीड-दोन टनांचा जोर येतो तो असा. म्हणजे पुढचा भाग शिस्तीत चुरगळला पाहिजे, आणि माणसं बसतात तो मधला पिंजरा अजिबात हलता कामा नये. एकाच गाडीत एक भाग मऊ, दुसरा हट्टी.

हा हट्टीपणा कसा आणतात ते बघण्यासारखं आहे. पोलादाचा पत्रा साधारण 900 अंश सेल्सियसपर्यंत लालभडक तापवतात, तसाच साच्यात दाबतात आणि साच्यातच झपाट्याने थंड करतात. आपला लोहार कोयत्याच्या पात्याला पाणी देतो तीच ही क्रिया, फक्त काही सेकंदांत आणि यंत्राने केलेली. पिंजऱ्याच्या खांबांचं, म्हणजे दारांच्या आजूबाजूला छत धरून उभ्या असलेल्या भागांचं, हे पोलाद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट ताण सोसतं, त्यामुळे तेवढ्याच वजनात पिंजरा कितीतरी मजबूत होतो. दार वाजवून हे ओळखता येणं शक्यच नाही.

आणि इथेच फेसलिफ्ट, म्हणजे नुसता चेहरा बदलणं, आणि नवी पिढी यांची वाट वेगळी होते. बंपर प्लॅस्टिकचा असतो. दिवे, जाळी, टचस्क्रीन, सीटचं कापड, सगळं दीड-दोन वर्षांच्या कामात बदलता येतं. पण खांब बदलायचे तर नवे साचे लागतात. एकेक पॅनेल चार-पाच टप्प्यांतून जातं: दाबणं, कडा कापणं, भोकं पाडणं, दुमडणं. प्रत्येक टप्प्याला वेगळी डाय, म्हणजे साचा. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात ज्यांच्या घरातलं कोणी प्रेस शॉपला आहे त्यांना माहीत असेल, एक मोठी डाय हलवायची म्हणजे क्रेन लागते. मग वेल्डिंग करताना भाग जागेवर धरणारे जिग नवे, टक्कर-चाचण्या नव्या. हा खर्च लाखो गाड्यांवर वाटला गेला तरच स्वस्त सेडान स्वस्त राहते. म्हणून दर तीन वर्षांनी नवी पिढी मागणाऱ्यांशी माझं जमत नाही. त्याचे पैसे शेवटी गिऱ्हाइकाच्याच हप्त्यात येतात, आणि त्या पैशांत बहुतेक वेळा नुसता नवा चेहरा मिळतो.

पण थांबण्यालाही मर्यादा आहे. गाड्या आदळून बघून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या चाचणीत 2018 साली स्विफ्टला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 2 तारे मिळाले होते. 2022 च्या अखेरीस त्याच पिढीच्या स्विफ्टला 1. चार वर्षांत तिचे खांब काही मऊ पडले नव्हते. नवी परीक्षा कडक होती, बाजूची टक्कर आणि इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा हेही त्यात आलं होतं. डिझायर ही स्विफ्टचीच बहीण. नोव्हेंबर 2024 मध्ये डिझायरची नवी पिढी आली आणि तिने त्याच संस्थेच्या चाचणीत 5 तारे मिळवले. जुन्या आणि नव्या डिझायरच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर 2450 मिलिमीटर, सारखंच. बाहेरून मोजपट्टी लावली तर फारसं काही हललेलं नाही, आणि तरीही ही खरी नवी पिढी आहे.

इंजिनाचंही तसंच. नव्या डिझायरमध्ये चारऐवजी तीन सिलिंडर आले, एकूण आकार तोच, जवळपास 1200 सीसी. मग फायदा काय? प्रत्येक सिलिंडर 300 ऐवजी 400 सीसीचा झाला. मोठ्या भांड्यातला चहा छोट्या कपातल्यापेक्षा उशिरा निवतो, तसं मोठ्या सिलिंडरमधली उष्णता भिंतींतून कमी वाया जाते. शिवाय घासणारे भाग कमी. ताकद 90 पीएसवरून (पीएस म्हणजे अश्वशक्ती) 82 वर उतरली आणि मॅन्युअलचं कंपनीने दिलेलं ॲव्हरेज लिटरला 24.79 किलोमीटर आहे. तीन सिलिंडरची थरथर मात्र सिग्नलला उभं असताना जाणवते. डिसेंबर 2024 मध्ये तिसऱ्या पिढीत गेलेल्या अमेझने उलट रस्ता धरला: अंग नवं, कॅमेऱ्यावर चालणारी चालक-मदत यंत्रणा नवी, इंजिन मात्र जुनं चार सिलिंडरचंच. गुळगुळीत चालतं म्हणून लोकांना ते आवडतं, आणि मलाही आवडतं. तरी होंडाने पुढच्या वेळी सुरुवात बोनेटखालून करावी असं मला वाटतं.

आकाराबद्दल थोडंसं. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो. ताशी 50 ला टायरांचा आणि वजनाचाच भार जास्त जाणवतो, द्रुतगती मार्गावर 100 ला हवा त्याच्या कितीतरी पुढे जाते. लांब शेपटीची सेडान हवेला हळूहळू सोडते, हा तिचा जुना गुण. पण आखूड डिकीमुळे मागची काच जास्त उभी उतरवावी लागते आणि उतार साधारण 30 अंशांच्या आसपास गेला की हवा काच सोडून भोवरे करू लागते. चार मीटरची पट्टी इथेही आडवी येते.

आता कोणाची पाळी? टाटांची टिगोर मार्च 2017 पासून त्याच अंगाने विकली जाते आहे. जानेवारी 2020 मध्ये तिला 4 तारे मिळाले तेव्हा ते कौतुकाचंच होतं, पण ते जुन्या परीक्षेतले. तिला आता नवा पिंजरा हवा, नुसते नवे दिवे नकोत. ह्युंदाई ऑरा जानेवारी 2020 ची. तिलाही फार वेळ उरलेला नाही.

टॅक्सीवाल्यांचा हिशेब मात्र निराळा असतो, आणि तो मी हलक्यात घेत नाही. 2017 मध्ये तिसरी डिझायर आल्यावरही दुसऱ्या पिढीची गाडी टूर एस या नावाने टॅक्सीसाठी कितीतरी वर्षं विकली जात होती. पार्ट कुठेही मिळतात, कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून उघडतो. दिवसाला दोन-तीनशे किलोमीटर पळणाऱ्याला ही पिढी जितकी टिकेल तितकी हवी असते.

त्यांच्याच गाड्यांत मी सगळ्यात चांगला बदल बघितला. सीएनजीची टाकी म्हणजे डिकीत आडवा पडलेला एक मोठा सिलिंडर, हे आपण गृहीतच धरलं होतं. दिवाळीत पुणे स्टेशनबाहेर आम्ही चौघं आणि तीन बॅगा होतो. ड्रायव्हरने एक बॅग सिलिंडरच्या मानेवर तिरकी अडकवली, दुसरी पुढच्या सीटवर, तिसरी माझ्या पायाशी. 2023 मध्ये टिगोरच्या सीएनजीत एका मोठ्या टाकीच्या जागी दोन लहान टाक्या डिकीच्या तळाखाली शेजारी-शेजारी बसवल्या गेल्या आणि वर सपाट जागा मोकळी झाली. गाडीची पिढी तीच, पत्रा तोच. फक्त बॅगा आता आडव्या ठेवता येतात आणि डिकी एका हाताने बंद होते.