एलायझापाशी मन मोकळं करताना

यंत्रापाशी मनातलं बोलण्याची गोष्ट चॅटबॉटपासून सुरू होत नाही. ती साठ वर्षं जुनी आहे. अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझनबाउम यांनी १९६६ साली 'एलायझा' हा प्रोग्राम जगापुढे मांडला. नाव शॉच्या 'पिग्मॅलियन'मधल्या फुलवालीचं, म्हणजे पुलंच्या 'ती फुलराणी'तल्या मंजुळेच्या मूळ पात्राचं.

एलायझाला कळत काहीच नव्हतं. टाइप केलेल्या वाक्यातला एखादा शब्द पकडायचा, 'माझं'चं 'तुमचं' करायचं आणि त्याचाच प्रश्न करून परत करायचा. आईचा विषय निघाला, की घरच्यांबद्दल आणखी सांगा. ओळखीचा शब्द सापडलाच नाही, तर पुढे बोला. ही धाटणी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्या समुपदेशनाची. ती निवडली सोयीसाठी, कारण अशा संवादात ऐकणाऱ्याला जगाची काडीचीही माहिती नसली तरी खपून जातं.

वायझनबाउमांच्या सेक्रेटरीने त्यांना महिनोन्महिने हा प्रोग्राम लिहिताना पाहिलं होतं. तरीही ती त्याच्याशी बोलायला बसली आणि थोड्याच वेळात तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितलं! पुढे सगळी संभाषणं नोंदवून ठेवावीत असं त्यांनी सुचवलं, तर ही आमच्या खाजगी मनावर पाळत आहे, म्हणून लोक उखडले. (आज तीच संभाषणं कंपन्यांच्या सर्व्हरवर साठतात, आणि आपण 'मान्य आहे'वर बोट ठेवून मोकळे होतो.)

पण वायझनबाउम खरे हादरले डॉक्टरांमुळे. मनोविकारतज्ज्ञ केनेथ कोल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६६मध्येच लिहिलं होतं, की उपचारकांचा तुटवडा असेल तिथे अशी यंत्रणा तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल. तुटवडा खराच होता. पण दुसऱ्याचं दुःख ऐकायला माणूसच लागतो, हे त्या पेशातल्यांनाच वाटू नये? ते वायझनबाउमांना पचेना. काही कामं यंत्राला जमली तरी त्याच्यावर सोपवू नयेत, असं त्यांनी १९७६च्या पुस्तकात बजावलं. स्वतःच्याच शोधाविरुद्ध उभा राहिलेला हा माणूस २००८मध्ये वारला.

२०१७मध्ये 'रेप्लिका' हा सोबतीचा चॅटबॉट आला. मेलेल्या मित्राच्या संदेशांवरून त्याच्यासारखा बोलणारा बॉट तयार करण्याच्या एका प्रयोगातून तो निघाला होता. फेब्रुवारी २०२३मध्ये कंपनीने त्याचं प्रणयी बोलणं अचानक बंद केलं. आपलं माणूस गेल्यासारखा शोक अनेकांनी केला. मार्चमध्ये कंपनीने माघार घेतली आणि जुन्या ग्राहकांना त्यांचा आधीचा जोडीदार परत मिळाला.