बाशिंगाची वाळकी पानं

आंबा मोहरायच्या आधी आमच्याकडे झाडांची साफसफाई होते. कोयती घेऊन चढलेला गडी फणसाच्या बेचक्यातला तपकिरी झुबका खाली टाकतो आणि सांगतो, "बांडगूळ काढलं." ते बांडगूळ नसतं, बाशिंग असतं. बांडगूळ फांदीत मुळं घुसवून झाडाचा रस ओढतं. बाशिंग हे नेचं, म्हणजे फर्न. त्याची मुळं सालीला फक्त धरून राहतात. खाण्याची सोय ते स्वतःच करतं, आणि ती सोय म्हणजेच ही वाळकी पानं.

बाशिंगाला दोन तऱ्हेची पानं येतात. एक आखूड, बिनदेठाचं, कडेला उथळ खाचा असलेलं. ते लवकरच तपकिरी, कागदासारखं होतं, पण गळत नाही. खोडाला चिकटून त्याची ओंजळ तयार होते. तिच्यात पालापाचोळा, धूळ, पाखरांची विष्ठा साचून कुजते आणि नेच्याची मुळं त्या खतात शिरतात. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या पानावरूनच नेच्याला ओक झाडाच्या पानाचं नाव दिलं. ओक कोकणात कुणी पाहिलाय? नवरदेवाच्या कपाळावरचं बाशिंग मात्र सगळ्यांनी पाहिलंय. आपलं नाव अधिक चपखल!

दुसरं पान हिरवं, देठाचं, हातभर लांब, फणीसारखं खोल कातरलेलं. ते उलटून पाहा: शिरांच्या मधे तपकिरी ठिपक्यांच्या ओळी दिसतील. ते बीजाणूंच्या, म्हणजे बियांचं काम करणाऱ्या बारीक कणांच्या, पिशव्यांचे पुंजके. पावसाळा सरला की ही पानं पिवळी पडतात, पात्या झडतात, नुसत्या काड्या उरतात. आत अंगठ्याएवढं जाड, तपकिरी लवदार खवल्यांनी झाकलेलं खोड मात्र जिवंत असतं.

लावायचं असेल तर झाडावरचं ओरबाडू नका. वादळात मोडून पडलेल्या फांदीवर पुष्कळ मिळतं. मृगाचा पाऊस लागला की कोंब असलेला वीतभर तुकडा घ्या आणि नारळाच्या सोडणावर किंवा आंब्याच्या खडबडीत सालीवर सुंभाने बांधा. मातीत पुरू नका. मी पहिल्यांदा कुंडीत तांबड्या मातीत पुरलं होतं, श्रावणापर्यंत कुजून गेलं. विरळ सावली पुरते. उन्हाळ्यात पाणी कमीच द्या, काड्या पाहून घाबरू नका.

बीजाणूंपासूनही रोप होतं, पण धीर हवा. उकळत्या पाण्याने धुतलेल्या विटेच्या चुऱ्यावर ते भुरभुरून वर काच ठेवायची. आधी नखाहूनही लहान, बदामाच्या आकाराचा हिरवा पापुद्रा येतो. त्याच्यावरच्या पाण्याच्या थरातून पुंबीजं, म्हणजे नर पेशी, पोहत जाऊन फलन घडवतात, मगच खरं नेचं उगवतं. पाण्याचा थर सुकला की काम थांबलं.

सोडणावरच्या माझ्या बाशिंगाचा हा दुसरा पावसाळा. दोन पानं तपकिरी झालीत आणि त्यांच्या ओंजळीत वरच्या आंब्याचा पाला साचू लागलाय.