इंदूरमध्ये रात्री ड्रोनने चित्रीकरण : पात्रता, परवानग्या आणि कागदपत्रे

अनंत चतुर्दशीच्या रात्री निघणाऱ्या कापड गिरण्यांच्या झांक्या (रोषणाईचे चित्ररथ), मध्यरात्रीपर्यंत गजबजलेला सराफ्याचा खाऊबाजार, रोषणाईतला राजवाडा किंवा कान्ह नदीकाठच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्या (होळकरांची स्मारके) वरून टिपाव्यात, अशी इच्छा इंदूरमधली अनेक मराठी मंडळे आणि हौशी व व्यावसायिक छायाचित्रकार व्यक्त करतात. मग पहिला प्रश्न येतो तो रात्रीच्या परवान्याचा. ड्रोन नियम, २०२१ मध्ये रात्रीच्या उड्डाणासाठी असा वेगळा परवाना नाही आणि त्यासाठी वेगळा अर्जाचा नमुनाही नाही. २०१८ च्या जुन्या नियमावलीत उड्डाण दिवसाउजेडीच करावे असे बंधन होते. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियमांत ते त्या स्वरूपात राहिले नाही. याचा अर्थ रात्र मोकळी झाली, असा मात्र कोणीही घेऊ नये. संबंधित मॉडेलच्या पुस्तिकेतील मर्यादा, हवाई वाहतूक नियंत्रणाने घातलेल्या अटी आणि पोलिसांचे प्रतिबंधात्मक आदेश या तिन्हींपैकी कोणतीही गोष्ट रात्रीचे उड्डाण थांबवू शकते. म्हणून परवानगीचा विचार जागेपासून सुरू करावा; वेळ आणि कॅमेरा यांचा विचार त्यानंतर करावा.

जागा आणि विमानतळापासूनचे अंतर

देशाचे आकाश ड्रोनसाठी हिरव्या, पिवळ्या आणि लाल अशा तीन क्षेत्रांत विभागलेले आहे आणि त्याचा नकाशा सप्टेंबर २०२१ पासून डिजिटल स्काय या शासकीय मंचावर सर्वांसाठी खुला आहे. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत, उड्डाणासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. कार्यरत विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर, म्हणजे २०० फूट, इतकी खाली येते. आठ किलोमीटरच्या आत, जो भाग लाल दाखवलेला नाही, तो जमिनीपासूनच पिवळा असतो आणि तिथे एक मीटर वर जायचे असले तरी हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. लाल क्षेत्रासाठी केंद्र सरकारची परवानगी आवश्यक असते.

इंदूरच्या बाबतीत या आठ किलोमीटरचा परिणाम फार मोठा आहे. देवी अहिल्याबाई होळकर विमानतळ शहराच्या पश्चिमेला अगदी लागून असल्याने राजवाडा त्यापासून सरळ रेषेत सहा किलोमीटरच्या आत येतो. सराफा, छत्र्या, लालबाग महाल आणि जुन्या शहराचा बहुतेक भागही याच कक्षेत आहे. थोडक्यात, इंदूरमध्ये रात्री जे जे टिपण्यासारखे आहे, त्यातले पुष्कळसे पिवळ्या क्षेत्रात पडते. पूर्वेला विजयनगरच्या बाजूला गेल्यावर अंतर आठ किलोमीटरच्या पलीकडे जाते आणि ६० मीटरपर्यंतची मोकळीक मिळू शकते. तरीही अंतर रस्त्याने मोजू नये आणि अंदाजाने तर मुळीच ठरवू नये. नकाशावर नेमका बिंदू ठेवून रंग पाहावा. विमानतळाजवळचा सीमा सुरक्षा दलाचा परिसर, अणुऊर्जा विभागाचे राजा रामण्णा केंद्र आणि महूची लष्करी छावणी यांच्या आसपास विशेष काळजी घ्यावी. नकाशात बदल होत असतात, त्यामुळे उड्डाणाच्या लगेच आधी तो पुन्हा पाहणे हे वैमानिकाचे नियमाने ठरवलेले कर्तव्य आहे. पोलीस अधीक्षक किंवा समकक्ष दर्जाचा अधिकारी मिरवणूक, महत्त्वाच्या व्यक्तींचा दौरा अशा प्रसंगी एखादा भाग तात्पुरता लाल घोषित करू शकतो आणि इंदूरच्या सणासुदीत ही शक्यता नेहमी गृहीत धरावी.

ड्रोनची पात्रता

ड्रोनचा वर्ग ठरवताना बॅटरी, कॅमेरा आणि इतर सर्व भारासह एकूण वजन धरले जाते. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि त्यापुढे २५ किलोपर्यंतचा स्मॉल वर्गात येतो. व्यावसायिक चित्रीकरणात दोन किलोची रेषा महत्त्वाची ठरते. उदाहरणार्थ, डीजेआय मॅव्हिक ३ सुमारे ९०० ग्रॅमचा असल्याने मायक्रो ठरतो, तर सुमारे ४ किलोचा इन्स्पायर ३ स्मॉल वर्गात जातो. नॅनो ड्रोनला अनेक सवलती आहेत. पण पिवळ्या आणि लाल क्षेत्राचे नियम त्यालाही लागू आहेत, ही गोष्ट लग्नाच्या हंगामात सर्रास विसरली जाते.

नॅनोपेक्षा मोठ्या ड्रोनसाठी त्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल ठरलेल्या निकषांत बसते याचे प्रमाणपत्र, असावे लागते आणि प्रत्येक ड्रोनला स्वतःचा विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, घ्यावा लागतो. हा अर्ज डी-२ नमुन्यात ऑनलाइन होतो, शुल्क १०० रुपये आहे आणि नोंदणीच्या व प्रमाणपत्राच्या सेवा आता नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ई-जीसीए पोर्टलवर आहेत. अर्जात निर्मात्याचा अनुक्रमांक, फ्लाइट कंट्रोल मॉड्यूलचा (ड्रोनचे उड्डाण नियंत्रित करणाऱ्या भागाचा) अनुक्रमांक आणि रिमोटचा अनुक्रमांक असे तीन वेगवेगळे क्रमांक भरावे लागतात. खोक्यावरच्या लेबलवरून एकच क्रमांक तिन्ही ठिकाणी लिहिण्याची चूक टाळावी. दुरुस्तीत रिमोट किंवा कंट्रोल मॉड्यूल बदलले, तर नवा क्रमांक सात दिवसांच्या आत नोंदवावा लागतो.

इथे खरेदीबाबत स्पष्ट इशारा देणे आवश्यक वाटते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार किंवा जोडणीच्या संचाच्या रूपातील परदेशी ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांना ती लागू नाही. त्यामुळे कोणी विनाबिलाचा विदेशी ड्रोन स्वस्तात देऊ करत असेल, तर त्याची नोंदणी होईल का, हे पैसे देण्याआधी तपासावे. वस्तू व सेवा कर भरलेले बिल आणि मॉडेलच्या टाइप सर्टिफिकेटचा क्रमांक हातात नसेल, तर तो व्यवहार करूच नये. नोंदणी न झालेल्या ड्रोनसाठी पुढची कोणतीही परवानगी मागता येत नाही आणि सगळा खर्च वाया जातो.

वैमानिकाची पात्रता

मायक्रो ड्रोन स्वतःच्या हौसेसाठी, कोणताही व्यावसायिक हेतू न ठेवता उडवत असल्यास रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मानधन घेऊन, जाहिरातीसाठी किंवा ग्राहकासाठी चित्रीकरण होत असेल, तर ते लागतेच. स्मॉल वर्गात तर हेतू कोणताही असला तरी लागते. वय १८ ते ६५ वर्षे, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेतील प्रशिक्षण व चाचणी उत्तीर्ण, अशा अटी आहेत. प्रमाणपत्र ठरावीक वर्गासाठी आणि प्रकारासाठीच असते, म्हणून प्रवेश घेण्याआधीच आपल्याला कोणता ड्रोन चालवायचा आहे हे संस्थेला सांगावे. त्याची वैधता १० वर्षे आहे. २०२३ च्या दुरुस्तीनंतर पासपोर्टची सक्ती राहिलेली नाही. मतदार ओळखपत्र, शिधापत्रिका किंवा वाहन परवाना ओळख व पत्त्यासाठी चालतो.

मराठी अर्जदारांना एक अडचण हमखास येते. मध्य प्रदेशातल्या गुणपत्रिकेवर नाव आणि वडिलांचे नाव वेगळ्या ओळींत असते, तर महाराष्ट्रात शिकलेल्यांच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव येते. आधारवर तिसराच क्रम दिसतो. प्रशिक्षणाची नोंद, ड्रोनची नोंदणी आणि विमा पॉलिसी या तिन्हींवर नाव एकाच क्रमाने आणि एकाच स्पेलिंगने आले नाही, तर पडताळणीत अर्ज अडकतो. आधार दुरुस्त करून घेऊनच बाकीचे अर्ज सुरू करावेत. संस्थेच्या नावाने ड्रोन घेतला असल्यास मंडळाच्या नोंदणी प्रमाणपत्रावरील नावच सर्वत्र लिहावे.

नॅनो वगळता सर्व ड्रोनसाठी तृतीय पक्ष विमा बंधनकारक आहे. पॉलिसी घेताना रात्रीचे उड्डाण आणि व्यावसायिक वापर या दोन्ही गोष्टी वगळलेल्या नाहीत ना, ते अटींमध्ये वाचून पाहावे आणि शंका असल्यास कंपनीकडून लेखी उत्तर घ्यावे.

पिवळ्या क्षेत्रासाठी अर्ज

या अर्जात उड्डाणाची जागा अक्षांश-रेखांशांसह, त्रिज्या, कमाल उंची, तारीख, सुरुवातीची व शेवटची वेळ, ड्रोनचा ओळख क्रमांक आणि वैमानिकाचे प्रमाणपत्र यांचा तपशील द्यावा लागतो. दोन ठिकाणी विशेष लक्ष द्यावे. विमान वाहतुकीत वेळ बहुधा समन्वित वैश्विक वेळेत, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, लिहिली जाते. रात्री ९ ची वेळ तिथे १५:३० होते आणि मध्यरात्रीनंतरच्या उड्डाणात तारीखही आदल्या दिवसाची येते. दुसरी गोष्ट उंचीची. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. जमिनीपासूनची ६० मीटर उंची समुद्रसपाटीच्या हिशेबात ६०० मीटरच्या पुढे जाते, म्हणून मागितलेला आकडा कोणत्या पातळीपासूनचा आहे, हे अर्जात शब्दांत लिहावे.

संपूर्ण शहरासाठी संपूर्ण रात्र मागण्यापेक्षा दोन-तीन निश्चित बिंदू आणि प्रत्येकी छोटा कालावधी मागणे अधिक योग्य, कारण नियंत्रकाला विमानांच्या वेळापत्रकात तेवढी जागा शोधणे शक्य असते. सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या तासाचा कालावधी जरूर मागावा. त्या वेळी आकाशात निळा प्रकाश असतो, रोषणाई लागलेली असते आणि कॅमेऱ्याचे आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) फार वाढवावे लागत नाही.

पोलीस आणि जागेची मालकी

डिसेंबर २०२१ पासून इंदूरमध्ये पोलीस आयुक्तालय आहे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली आयुक्तालय ड्रोनबंदीचे आदेश काढू शकते. असा आदेश लागू असताना हवाई परवानगी हातात असली तरी उड्डाण करता येत नाही. संबंधित पोलीस ठाण्याला आणि आयुक्तालयाला हिंदीत पत्र द्यावे व पोच घ्यावी. पत्रात चित्रीकरणाचा हेतू, उड्डाण व उतरण्याची जागा, वेळ आणि चमूतील प्रत्येकाचे नाव असावे. सोबत ड्रोनची नोंदणी, पायलट सर्टिफिकेट, विमा, क्षेत्राच्या नकाशाची छापील प्रत आणि पिवळ्या क्षेत्रात असल्यास नियंत्रणाची परवानगी जोडावी. एखाद्या घराच्या गच्चीवरून उड्डाण होणार असेल, तर घरमालकाचे संमतिपत्र घ्यावे. रस्ता किंवा उद्यान असेल तर नगर निगमकडे अर्ज करावा. राजवाडा आणि लालबाग यांसाठी राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाची परवानगी स्वतंत्रपणे मागावी. मोठ्या चित्रपट-मालिकांसाठी राज्य पर्यटन मंडळाचा चित्रपट कक्ष मदत करतो.

झांक्यांच्या मार्गावर लहान मुले खांद्यावर घेऊन हजारो लोक उभे असतात. त्यांच्या डोक्यावरून ड्रोन नेण्याची परवानगी कोणी मागूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मार्गाच्या बाजूच्या रिकाम्या गच्चीवरून, गर्दीपासून अंतर ठेवून, तिरक्या कोनातूनही झांकी सुंदर दिसते. तसेच घरांच्या खिडक्या आणि गच्च्या चौकटीत येणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

उड्डाणाच्या रात्री

अडथळे ओळखणारे कॅमेरे अंधारात नीट काम करत नाहीत, त्यामुळे जुन्या शहरातल्या विजेच्या तारा, झेंड्यांचे दोर आणि मोबाइल टॉवर दिवसाच पाहून नकाशावर नोंदवून ठेवावेत. आपोआप परतण्याची उंची तपासणे तर अत्यावश्यक आहे. ती भोवतालच्या इमारतींपेक्षा जास्त असावी, पण परवानगीतल्या कमाल उंचीपेक्षा कमी असावी. कारखान्यातून आलेली उंची तशीच राहिली, तर संपर्क तुटताच ड्रोन स्वतःहून मर्यादा ओलांडून वर जातो आणि जबाबदारी वैमानिकावर येते. लुकलुकणारा दिवा चालू ठेवावा आणि ड्रोन सतत नजरेत राहील असा एक सहकारी सोबत घ्यावा. एलईडी रोषणाईची थरथर टाळण्यासाठी शटर १/५० किंवा १/१०० ठेवावे, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आहे. सर्व परवानग्यांच्या छापील प्रती सोबत ठेवाव्यात. गर्दीत मोबाइलचे नेटवर्क अनेकदा मिळत नाही.

नियमभंगासाठी एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि पोलीस आदेशाचे उल्लंघन झाल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली वेगळी कारवाई होऊ शकते. अपघात झाला, तर ४८ तासांच्या आत वैमानिकाने त्याची माहिती ऑनलाइन मंचावर द्यावी, विमा कंपनीला कळवावे आणि उड्डाणाची नोंद असलेले मेमरी कार्ड तसेच जपून ठेवावे.