‘इंट्रा’: शब्द रोमचा, उपसर्ग अलीकडचा

मिरजेतील रुग्णालयांच्या केसपेपरवर औषधाच्या नावाजवळ ‘आय. व्ही.’ किंवा ‘आय. एम.’ ही अक्षरे दिसतात. नातेवाईक त्यांचा अर्थ ‘शिरेतून’ आणि ‘कमरेत’ असा लावतात व तो बहुधा बरोबर असतो. दोन्हींतला ‘आय’ मात्र ‘आत’ या अर्थाच्या ‘इंट्रा’ या लॅटिन शब्दाचा आहे.

लॅटिनमध्ये ‘इंट्रा’ हे स्वतंत्र शब्दयोगी अव्यय होते. ‘इंट्रा मुरोस’ म्हणजे तटाच्या आत. प्राचीन लॅटिनमध्ये ते उपसर्ग म्हणून क्वचितच वापरले जाई. पहिल्या शतकात रोमन लेखक सेल्ससने वैद्यकावर लॅटिनमध्ये लिहिले खरे, पण तेव्हाची परिभाषा बहुतांशी ग्रीकच होती. त्यामुळे ‘इंट्राव्हेनस’ (शिरेच्या आत; म्हणजेच ‘आय. व्ही.’) यासारखे शब्द रोमन वैद्यांचा वारसा समजणे चुकीचे ठरेल.

हे शब्द मुख्यतः एकोणिसाव्या शतकातले, आणि त्यामागे सुईचा इतिहास आहे. ख्रिस्तोफर रेनने 1656 मध्ये कुत्र्याच्या शिरेत द्रव सोडून पाहिला होता. 1832 च्या पटकीच्या साथीत स्कॉटलंडमधील लीथ येथे थॉमस लाट्टा यांनी आटत चाललेल्या रुग्णांच्या शिरेत क्षारयुक्त पाणी सोडले. आजच्या सलाइनचा उगम तेथे आहे. 1853 मध्ये अलेक्झांडर वुड आणि शार्ल प्राव्हाझ यांच्या पोकळ सुईच्या पिचकाऱ्या आल्या. औषध तोंडावाटे न देता शरीरात नेमके कोठे पोहोचवायचे, हे सांगणारी नावे आता हवी होती, आणि ती लॅटिन शब्द जोडून घडवली गेली. शुद्धतेचा आग्रह मात्र टिकला नाही: ‘इंट्राक्रेनियल’मधील ‘क्रेनियम’ (कवटी) मुळात ग्रीकच.

मिरजेत ही परिभाषा इंग्रजीवाटे आली. विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये येथे रुग्णालय सुरू केले. सांगलीच्या वाटेवरील वानलेसवाडीला त्यांचेच नाव आहे. येथे शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याची खरी अडचण ‘इंट्रा’ आणि ‘इंटर’ यांच्यात होते. ‘इंटर’ म्हणजे दोहोंच्या मध्ये. ‘इंटरकोस्टल’ स्नायू बरगड्यांच्या दरम्यान असतात. हा ‘इंटर’ आणि संस्कृत ‘अंतर्’ एकाच मूळ धातूचे. पण ‘अंतर्’ला ‘आत’ आणि ‘मध्ये’ हे दोन्ही अर्थ आहेत, आणि मराठीने ते ‘अंतर्गत’ व ‘आंतरजातीय’ असे वाटून घेतले. (वर्तमानपत्रे हा भेद अधूनमधून विसरतात.)

उपसर्गापुढचा शब्दही तितकाच निर्णायक असतो. व्हिन्क्रिस्टिन हे कर्करोगावरील औषध केवळ ‘इंट्राव्हेनस’ द्यायचे असते. ते ‘इंट्राथीकल’, म्हणजे मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात गेले, तर प्राणघातक ठरते. म्हणूनच ते सिरिंजमध्ये न भरता लहान सलाइनच्या पिशवीतून द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.