सिमेंट भरलं म्हणजे कॅप बसली असं नव्हे

दाढ किडली की खड्डा साफ करून सिमेंट भरतात, हे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. त्यावर जास्त लिहीत नाही. घोळ होतो तो रूट कॅनलनंतर, म्हणजे किडलेल्या दाढेतली नस काढून आतली पोकळी भरल्यावर. त्यावर कॅप, म्हणजे दाढेला वरून झाकणारं टोपण, बसवायला सांगितलं की लोक म्हणतात: "दुखायचं थांबलंय, वरनं सिमेंटबी भरलंय, मग आता कॅप कशाला? पैसे काढायचे धंदे!" मंगळवार पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत हेच ऐकून वैताग आलाय.

दुखणं थांबलं, कारण आतली नस काढली. दाढेच्या ताकदीचा त्याच्याशी संबंध नाही. नसेपर्यंत पोचायला दाढेच्या माथ्यातून भोक पाडावं लागतं, आणि त्याआधीच किडीनं एखादी कड खाल्लेली असते. उरतात बाजूच्या भिंती. सिमेंट या भिंतींच्या आत बसतं. त्यांना बाहेरून आवळून धरत नाही. चावताना जोर आला की भिंती बाहेर फाकायला बघतात. कॅप मात्र दाढेला चहूबाजूंनी धरते, बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवतात तशी.

कॅपविना दाढ महिनोन्‌महिने चालतेही, म्हणूनच माणूस निर्धास्त राहतो. मग एखाद्या रविवारी मटणाची नळी फोडताना कट्‌ असा आवाज येतो. दाढेवर मधोमध उभी रेघ, आणि दाबलं की गालाकडचा तुकडा वेगळा हलतो, जिभेकडचा वेगळा. चीर दाढेच्या मुळापर्यंत खोल उतरली असेल तर दाढ काढण्यावाचून इलाज नाही. रूट कॅनलचे पैसे पाण्यात, वर इम्प्लांटचा (जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून लावलेल्या दाताचा) नाहीतर ब्रिजचा (शेजारच्या दातांच्या आधारानं बसवलेल्या दाताचा) खर्च.

पुढच्या दातांवर दाढेसारखा भार नसतो. रूट कॅनल होऊनही दात बराचसा शाबूत असेल तर भरून भागतं. लहानशा किडीला तर कॅप नकोच. कॅपसाठी दात सगळीकडून घासून बारीक करावा लागतो, माथ्यावर साधारण दीड-दोन मिलिमीटर, आणि घासलेलं परत येत नाही. त्यामुळे नुसतं पांढरंशुभ्र दिसावं म्हणून धडधाकट दात घासून घेणं मला अजिबात पटत नाही.

कॅप कशाची, यावर लोक तासभर खल करतात. अगदी मागच्या दाढेला मी धातूचीच सुचवेन: दात कमी घासावा लागतो आणि तिथं कुणाला दिसतही नाही. हसताना दिसणाऱ्या दाढेला झिरकोनिया, म्हणजे दातासारखं पांढरं टणक सिरॅमिक, घ्या. कुठलीही घेतली तरी तिची कड हिरडीजवळ जिथं संपते तिथं ब्रश नीट फिरवा, कीड पुन्हा तिथूनच शिरते.