‘रुसली’ हे डोळ्यांना दिसत नाही

नववीतल्या विद्यार्थ्याला वही देऊन बालवाडीच्या एका कोपऱ्यात बसवा आणि दहा मिनिटं दिसेल ते लिहायला सांगा. पहिल्याच पानावर असं एखादं वाक्य हमखास येतं: ‘ती रुसली आणि बाजूला जाऊन बसली.’ यातलं बसणं दिसलं. रुसणं मात्र लिहिणाऱ्याने पदरचं घातलं. तोच प्रसंग पुन्हा लिहायला लावला की येतं, ‘लाल ठोकळा दोनदा जमिनीवर आपटला. बाकीच्यांकडे पाठ केली. भिंतीशी बसून चटईवर बोटाने रेघा ओढत राहिली.’ आता ती रुसली, दमली की कंटाळली, हे शोधावं लागेल. माझ्या मते संशोधनाचा पहिला धडा हाच, आणि तो शिकायला बालवाडीइतकी चांगली जागा नाही. तीन वर्षांचं मूल प्रश्नावली भरत नाही, त्यामुळे नीट पाहण्यावाचून गत्यंतरच नसतं.

पण नुसतं पाहत बसलं, की नजर सगळ्यांत दंगेखोर मुलावरच खिळते आणि गप्प मूल वहीत येतच नाही. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली मुलांच्या खेळावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात यावर साधा उपाय होता: एका वेळी एका मुलाकडे एकच मिनिट पाहायचं, खूण करायची आणि पुढच्या मुलाकडे वळायचं. एकट्याने खेळतंय, शेजारी बसून पण आपापलं खेळतंय, की मिळून खेळतंय, हे प्रकार आधीच ठरलेले. ही पद्धत शाळकरी मुलांना सहज जमते.

मग दोघांना एकाच मुलाच्या स्वतंत्र नोंदी करायला सांगावं. समजा, २० मिनिटांपैकी आपापल्या १८ मिनिटांपुढे प्रत्येकाने ‘एकट्याने’ लिहिलं, पण ‘मिळून’ अशी खूण केलेली दोन-दोन मिनिटं दोघांची वेगळी निघाली. १६ ठिकाणी जुळलं, म्हणजे ८० टक्के. छान वाटतं ना? पण त्याच प्रमाणात डोळे मिटून खुणा केल्या असत्या, तरी सरासरी १६.४ ठिकाणी जुळलं असतं! मूल कधी मिळून खेळलं, या खऱ्या प्रश्नावर दोघांचं एकदाही एकमत झालेलं नाही. योगायोगाने जुळलेला भाग वजा करणारं ‘कप्पा’ हे माप जेकब कोहेन यांनी १९६० मध्ये मांडलं. इथे ते शून्याच्याही खाली जातं. टक्केवारी कशी फसवते, हे मुलांना स्वतःच्याच वहीत दिसतं.

प्रश्न विचारण्यातही अशीच गोम असते. स्विस मानसशास्त्रज्ञ पियाजे यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे: सारख्या संख्येच्या सोंगट्यांच्या दोन ओळी समोरासमोर मांडायच्या, मग एक ओळ पसरवायची आणि विचारायचं, ‘आता कुठे जास्त?’ चार-पाच वर्षांची बरीच मुलं लांब ओळ दाखवतात. म्हणजे त्यांना संख्या कळत नाही? एडिनबरा विद्यापीठातल्या मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांचे सहकारी जेम्स मॅकगॅरिगल यांनी १९७०च्या दशकात ओळ विस्कटायचं काम एका खोडकर टेडी अस्वलाकडे दिलं. आता ‘सारख्याच आहेत’ म्हणणारी मुलं कितीतरी वाढली. मोठ्या माणसाने मुद्दाम काही बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारला, की उत्तरही बदलायला हवं असं मुलांना वाटत असावं. पुढे काहींनी आक्षेप घेतला, की अस्वलाच्या गडबडीत मुलांचं ओळीकडे लक्षच गेलं नसेल. मला हा आक्षेप फार आवडतो. यापुढचा प्रयोग कसा रचावा, यावर पंधरा वर्षांची मुलं तासभर हिरिरीने बोलू शकतात.

या सगळ्याच्या आधी पालकांची लेखी परवानगी हवी, आणि वहीत नावाऐवजी क्रमांक. शिवाय स्वतः मुलाचीही तयारी हवी. ते सही करणार नाही. पण त्याने चित्र हाताने झाकून धरलं, किंवा उठून दुसरीकडे जाऊन बसलं, तर ते ‘नको’ म्हणतंय असं धरायचं आणि वही बंद करायची, मग मिनिट पुरं झालेलं असो वा नसो.